सहा इंचांचा कोबा

लिफ्टच्या दुकानात मिस्त्रींनी त्या दिवशी जो तमाशा केला, त्याला वरकरणी काहीच कारण नव्हतं. विक्रेता सरळ माणूस होता. गाडी उचलायच्या तीन लिफ्ट त्याने दालनात ओळीने उभ्या केल्या होत्या: दोन खांबांची, चार खांबांची आणि कात्रीसारखी उघडमीट करणारी. तिन्हींची माहिती तो मन लावून देत होता. मिस्त्रींच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं, दोन खांबांच्या लिफ्टवर थाप मारली आणि म्हणाली, "हीच." एवढं निमित्त पुरलं.

"ही? दोन काठ्यांवर गाडी टांगणारी? त्यापेक्षा दोर घे आणि झाडाला लटकव!"

"काका, चार टन उचलते ही," विक्रेता म्हणाला. "घरच्या गॅरेजसाठी सगळ्यात जास्त हीच खपते."

"खपायला काय, वाट्टेल ते खपतं. तू कधी गाडीखाली शिरलायस का रे? इस्त्रीचा शर्ट घालून मला लिफ्ट सांगतोय!"

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. विक्रेत्याचा चेहरा एवढासा झाला. मुलीने त्याची माफी मागितली, माहितीपत्रक घडी करून पिशवीत टाकलं आणि वडिलांची वाट न बघता ती बाहेर पडली. परत येताना गाडी तीच चालवत होती, आणि शेजारी बसलेले मिस्त्री विक्रेत्याच्या शर्टापासून चौकातल्या सिग्नलपर्यंत सगळ्यांचा उद्धार करत होते.

मिस्त्रींचा राग काही नवा नव्हता. छत्तीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या एका मोठ्या वर्कशॉपात काढली. तिथे त्यांना तोंडावर सगळे मिस्त्री म्हणत आणि पाठ वळली की बॉयलर. पाना जागेवर नाही, बॉयलर तापला. कुणी मध्येच हाक मारली, तापला. कुणी हाक न मारता मागे येऊन उभा राहिला, तरी तापलाच. पण माणूस कामाला चोख होता, हे त्यांचा वैरीसुद्धा कबूल करी. बाकीच्यांचं काम तपासून मग कागदावर सही व्हायची. मिस्त्रींचं काम असलं की साहेब मान वर न करता सही करायचा.

त्या सहीचा त्यांना केवढा अभिमान! निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी नव्याने ओळख झालेल्या माणसाला ते दहा मिनिटांत ही गोष्ट ऐकवत. ती झाली की दुसरी ऐकवत, घरामागच्या गॅरेजातल्या कोब्याची. "सहा इंच! स्वतःच्या हाताने घातलाय. रणगाडा आणून उभा करा, केसभर तडा जायचा नाही."

खोटं. साफ खोटं. त्या कोब्याची खरी हकीकत घरात दोघांनाच माहीत होती, मिस्त्रींना आणि त्यांच्या बायकोला.

बावीस वर्षांपूर्वी गॅरेज बांधलं तेव्हा कोबा घालायला एक गवंडी बोलावला होता. वयस्कर, थंड डोक्याचा माणूस. सिमेंट, वाळू, खडी कालवून तयार होती. त्याने खणलेल्या जागेत एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मिस्त्री, डावीकडे खोली बरोबर आहे. उजवीकडे जुन्या झाडाची मुळं आहेत, दगड आहेत, जमीन वर राहिलीय. अजून चार बोटं खणू आणि मग ओतू." यात तो वावगं काय बोलला? पण खणलं होतं मिस्त्रींनी, आणि तो बोलला शेजाऱ्यांसमोर. मिस्त्री उसळले. मला मोजमाप शिकवतोस, भिंती बांधतोस तितक्या बांध, अक्कल पाजळू नकोस, असं काय काय तोंडाला येईल ते बोलले. गवंड्याने थापी पिशवीत टाकली, हात धुतले आणि निघून गेला.

कालवलेला माल थांबत नसतो. मिस्त्रींनी एकट्याने कोबा घातला. बायकोने बादल्या भरभरून पाणी आणून दिलं. उजव्या बाजूला पोचेपर्यंत त्यांचे खांदे भरून आले होते, मुळं तशीच होती, दगड तसेच होते, आणि खणायला लागलो तर गवंडी खरा ठरणार होता. त्यांनी तसाच माल ओतला आणि वरून फळी फिरवली. वरचा पृष्ठभाग असा सपाट आला की पाहणाऱ्याने वाहवा करावी. खाली मात्र डाव्या अंगाला सहा इंच आणि उजव्या अंगाला जेमतेम अडीच. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने विचारलं, किती इंच घातला? मिस्त्रींचा राग अजून उतरला नव्हता. "सहा," ते गुरकावले. रागात फेकलेला तो आकडा मग त्यांना मागे घेता येईना, आणि पुढे पुढे तो त्यांना आवडायलाही लागला.

बावीस वर्षं काही बिघडलं नाही. गाड्या आल्या, उभ्या राहिल्या, जॅक लागले, गेले. अडीच इंचाला तेवढं जमतं. घोडं अडलं ते आता.

मुलगी सात वर्षं एका कंपनीच्या वर्कशॉपात होती. ब्रेक आणि सस्पेन्शनच्या कामात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी तिने नोकरी सोडली, आता घरच्याच गॅरेजात स्वतःचं काम सुरू करायचं म्हणाली. मिस्त्रींची छाती फुगली. तिच्या कामाला गाडीची चाकं मोकळी लोंबायला हवीत. चार खांबांच्या लिफ्टवर गाडी पट्ट्यांवर चढते, चाकं पट्ट्यांवर टेकलेली राहतात. कात्रीची लिफ्ट गाडीच्या पोटाखालची मधली जागाच खाऊन टाकते. तेव्हा तिला दोन खांबांचीच हवी होती, आणि तिचं बरोबर होतं.

पण चार खांबांची लिफ्ट वजन चार जागी वाटते, नुसती ठेवली तरी उभी राहते. दोन खांबांची उभी राहते ती जमिनीत ठोकलेल्या बोल्टांच्या जिवावर. गाडी वर गेली की खांबाचं बूड ते बोल्ट उपटायला बघतं. सहा इंचांत बोल्ट हलत नाही. अडीच इंचांतला बोल्ट कुजक्या लाकडातल्या खिळ्यासारखा वर येईल, आणि तो येईल तेव्हा दीड टनाच्या गाडीखाली मान वर करून उभी असेल ती त्यांची मुलगी. हे त्या विक्रेत्याहून मिस्त्रींना जास्त कळत होतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. ते सोडून त्यांनी सगळं बोलून घेतलं.

आधी म्हणाले, छत पुरायचं नाही. मुलीने शिडी लावून छत मोजलं आणि वर हातभर जागा उरते हे दाखवलं. मग म्हणाले, लॉक निसटतं. तिने पत्रकातलं चित्र पुढे धरलं. गाडी वर जाताना खटक्यांवर खटके पडत जातात, तेल गळालं तरी गाडी शेवटच्या खटक्यावर थांबते. मग म्हणाले, तोल जाईल.

"बाबा, सात वर्षं मी याच लिफ्टवर काम केलंय. रोज."

"तिथे तुझ्या डोक्यावर माणसं होती! इथे कोण आहे?"

"तुम्ही आहात की."

यावर मिस्त्री आणखीनच भडकले. दार आपटून ते अंगणात गेले आणि विनाकारण नळाची तोटी आवळत बसले.

तीन दिवस हे असं चाललं. चौथ्या दिवशी सकाळी ती गॅरेजात एका गाडीचं मागचं चाक काढत होती. मिस्त्री दारात येऊन उभे राहिले. आज सांगायचं असं ठरवून आले होते म्हणे. हे त्यांचं म्हणणं. मुलीने चाक भिंतीला टेकवलं आणि त्यांच्याकडे न बघताच विचारलं, "बाबा, एकच सांगा. मी मुलगा असते तर घेऊ दिली असती ना ही लिफ्ट?"

मिस्त्रींना आयती पळवाट मिळाली. एकदा हो म्हटलं की वाद खलास, कोब्याची गोष्टच निघायची नाही.

"हो," ते म्हणाले. "दिली असती. झालं समाधान?"

इथे मिस्त्रींची कीव करायचं कारण नाही. याच माणसाने तिला नवव्या वर्षी हातात पाना दिला होता. 'माझी पोरगी आवाजावरून गाडीचं दुखणं सांगते' म्हणून गावभर मिरवत होता तो हाच माणूस. आपल्या मनात नसलेली एक घाणेरडी गोष्ट त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केली, कशासाठी, तर बावीस वर्षांपूर्वी एका गवंड्याचं बरोबर होतं हे कबूल करावं लागू नये म्हणून!

मुलीने पाने पुसून जागेवर ठेवले, हात धुतले आणि घरात गेली. दुसऱ्या दिवशी तिने दोन खांबांची लिफ्ट मागवली. बसवायला माणसं आठ दिवसांनी येणार होती. ते आठ दिवस ती वडिलांशी एक शब्द बोलली नाही.

बायकोने मात्र लिफ्ट मागवली त्याच दुपारी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं.

"अहो, तुम्ही सांगताय की मी सांगू?"

"तू यात पडू नकोस."

"बावीस वर्षं नाहीच पडले. पाणी मी ओतलंय त्या कोब्यात. माझी पोर त्याच्यावर उभी राहणार, डोक्यावर गाडी घेऊन, आणि तुम्हाला तुमचे सहा इंच सांभाळायचेत?"

"माझं मी सांगेन!"

"कधी? गाडी खाली आल्यावर?"

मिस्त्रींनी हातातला कप ओट्यावर असा आदळला की कानाचा तुकडा पडला आणि चहा भिंतीवर उडाला. एरवी बायकोने मुकाट्याने फडकं घेतलं असतं. त्या दिवशी तिने फडकं त्यांच्या पुढ्यात टाकलं.

"पुसा तुम्हीच. आणि ऐका. माणसं येतील त्या दिवशी, पहिला बोल्ट जमिनीत जायच्या आत, तिला कळलं पाहिजे. तुमच्या तोंडून कळावं म्हणून थांबतेय. नाहीतर माझं तोंड आहेच."

नवऱ्याची तिला दया आली होती असं नव्हे. पोरीला हे बापाकडूनच कळलं पाहिजे, दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ते आणखी सलेल, एवढंच तिचं म्हणणं होतं. मिस्त्रींनी आठ दिवस राग वर्तमानपत्रवाल्यावर काढला, शेजाऱ्याच्या कुत्र्यावर काढला, फाटकाच्या कडीवर काढला. मुलीसमोर गेले की तोंडाला कुलूप.

नवव्या दिवशी सकाळी लिफ्ट आली. बसवायला आलेला फिटर पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला माणूस होता. मिस्त्रींच्या हाताखाली त्याने तीन वर्षं काढली होती, आणि त्यांना पाहताच तो अजूनही सिगारेट लपवायचा. त्याच्या दोघा जोडीदारांनी खांब उतरवले. फिटरने कागद काढला. नियम असा की खांब उभे करायच्या आधी दोन्ही जागी चाचणीचं भोक पाडायचं, कोब्याची जाडी मोजायची, कागदावर आकडा लिहायचा आणि मगच पुढचं.

"ताई, कोबा किती इंच?" त्याने विचारलं.

"सहा," मुलगी म्हणाली. वडिलांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ज्या माणसाशी ती आठ दिवस बोलत नव्हती, त्याच्या शब्दावर आपला जीव ठेवायला तिला पळभर विचार करावा लागला नाही.

फिटर हसला. "मिस्त्रींनी घातलेला ना? मग भोक कशाला पाडतोय मी? लिहितो दोन्हीकडे सहा." आणि त्याने लिहिलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिने तोंड उघडलं, पण तिच्या आधी मिस्त्री फुटले.

"काय लिहिलंस? काय लिहिलंस रे तू?"

"सहा, मिस्त्री."

"मोजलंस? डोळ्याने पाहिलंस? न मोजता आकडा लिहितोस? लाज नाही वाटत? हे शिकवलं मी तुला तीन वर्षं?"

"अहो, पण तुमचा शब्द आहे म्हणून..."

"माझा शब्द गेला खड्ड्यात!" मिस्त्रींचा आवाज गॅरेजच्या पत्र्याला जाऊन धडकला. मानेच्या शिरा दोरासारख्या तटतटल्या होत्या. "फाड तो कागद! तिच्या डोक्यावर गाडी जाणार आहे, आणि तू शब्दावर बोल्ट ठोकतोस? आण ती मशीन. इथे नाही, डावीकडे नाही. उजवीकडे! भिंतीजवळ! पाड भोक!"

फिटरने भेदरून ड्रिल मशीन लावली. राखाडी भुकटी वर यायला लागली. मशीन थोडा वेळ घुरघुरली आणि एकाएकी झटका खाऊन मुठीपर्यंत आत गेली. भुकटीचा रंग बदलला. काळपट, ओलसर माती वर आली, तिच्यात कुजलेल्या मुळाचे धागे होते. फिटरने तार वाकवून भोकात घातली, कोब्याच्या खालच्या कडेला अडकवली आणि मोजली. त्याने दुसऱ्यांदा मोजली.

"अडीच," तो हळूच म्हणाला. "आणि खाली पोकळ झालंय."

मुलगी खाली बसली. तिने भोकात बोट घातलं, माती काढून पाहिली.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"दुकानात गेलो तेव्हाही?"

"हो."

"आणि मी विचारलं, मुलगा असते तर, तेव्हासुद्धा?"

मिस्त्रींनी जुन्या सवयीने आवाज चढवला. "अगं, तो गवंडी भर लोकांत मला..."

"गवंड्याचं नाव काढू नका!"

ती ओरडली. त्या घरात मिस्त्रींच्या वरताण आवाज आजवर कुणी काढला नव्हता. फिटर आणि त्याचे जोडीदार एकमेकांकडे न बघता बाहेर गेले.

"आठ दिवस मी माझे हात बघत बसलेय, बाबा! सात वर्षांत कुठल्या गाडीत काय चुकलं ते आठवत. म्हटलं, बाबांना दिसलं असेल काहीतरी, ते उगीच बोलायचे नाहीत. मी मुलगी म्हणून नाही जमणार, हे मी खरं मानायला लागले होते. तुम्ही म्हणालात म्हणून! आणि तुम्हाला काय वाचवायचं होतं? हे? हा कोबा?" तिने पायाजवळचा हातोडा उचलला आणि भोकाच्या कडेवर हाणला. सिमेंटचा ढलपा उडाला. "हा?" तिने आणखी एक घाव घातला.

 

लिफ्टचे खांब अंगणात आडवे पडून राहिले. दुसऱ्या दिवशी मुलीने फोडायची मशीन आणि दोन मजूर आणले. उजव्या बाजूचा कोबा एका सकाळीत निघाला. बावीस वर्षं ज्याचा डंका पिटला, त्याचे तुकडे हाताने उचलता येत होते. तिसऱ्या दिवशी मिस्त्री घण आणि पहार घेऊन आले. मुलीने त्यांना या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ते भिंतीजवळच्या कोपऱ्यात उतरले आणि खणायला लागले.

दोन दिवस ते त्या कोपऱ्यात होते. मुळं उपटली, दगड एकेक करून बाहेर फेकले, दगडांना शिव्या घातल्या, मजुरांना घातल्या, हाताला फोड आले तेव्हा पहारीला घातल्या. मुलीने कोब्याच्या पातळीवर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सुतळी ताणून बांधली होती. सुतळीपासून खाली सहा इंच जागा मोकळी हवी होती. पाचव्या दिवशी दुपारी मिस्त्रींनी पहार बाजूला ठेवली, पाठ सरळ केली आणि हाक दिली.

"झालं. सहा आहे पूर्ण. ओता आता."

मजुरांनी घमेली उचलली. "थांबा," मुलगी म्हणाली. ती कोपऱ्यात उतरली, खिशातून टेप काढली आणि मिस्त्रींच्या पायाशी गुडघ्यावर बसून सुतळीपासून जमिनीपर्यंत मोजलं. मग हातभर पुढे सरकून मोजलं. मग भिंतीच्या अगदी कडेला.

"बाबा, पाय काढा जरा," ती म्हणाली आणि त्यांचा पाय होता तिथेही मोजलं.

सगळीकडे सहा होते, एका जागी पाव इंच जास्तच. तिने पेन्सिलीने चारही आकडे कागदावर लिहिले आणि मजुरांना हाताने खूण केली. मजूर हे सगळं बघत उभे होते, शेजारीही कुंपणापाशी येऊन थांबला होता. मिस्त्रींच्या कानशिलाशी रक्त उसळलं, नेहमीसारखंच उसळलं. त्यांनी तोंड उघडलं, कुणावर तुटून पडायचं ते बघायला सभोवार नजर फिरवली, आणि मग घमेल्यासाठी जागा करून देत ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले.